लेव्याचा वाटा: स्तोत्र ७३ वरील आठ आठवड्यांच्या अभ्यासक्रमाचे परीक्षण

स्तोत्रसंहितेतील ७३ व्या स्तोत्रावर आधारलेला आठ आठवड्यांचा एक अभ्यासक्रम मी नुकताच पूर्ण केला. दुर्जनांची भरभराट पाहून हेव्याने पोळलेल्या माणसाला ख्रिस्ती आशा नेमके काय देते, हा त्याचा विषय आहे. तो चालवणारा प्रार्थनागट लहान आहे आणि आपले नाव कोठे छापून येऊ नये अशी त्याची विनंती असल्याने ते मी येथे देत नाही. नाव नोंदवणाऱ्याला दर आठवड्याला एक ध्वनिमुद्रण आणि अभ्यासपुस्तिकेचा एक भाग मिळतो, आणि आठवडा संपताना सात-आठ जणांच्या गटाबरोबर दूरध्वनीवरून तासभर चर्चा होते. मी आठही आठवडे पूर्ण केले, दोन ध्वनिमुद्रणे पुन्हा ऐकली आणि एका आठवड्याबद्दल चालकांना सविस्तर तक्रारही लिहिली. त्या तक्रारीचा भाग या परीक्षणात मोठा आहे, पण अभ्यासक्रमाबद्दलची माझी कृतज्ञता त्याहून मोठी आहे, हे आधीच नोंदवून ठेवते.

या अभ्यासक्रमाकडे मी कुतूहलाने नव्हे, गरजेपोटी वळले. २३ वर्षे मी इतरांचे हिशेब लिहिण्याचे काम केले. ज्याच्या वह्या आपण लिहितो त्याची मिळकत, त्याने साठवलेले, त्याने उधळलेले आणि कधीकधी त्याने लपवलेलेही आपल्या डोळ्यांखालून जाते. त्यांतले बरेच जण सरळ होते, काही नव्हते, आणि जे नव्हते त्यांचे आकडे अधिक वेगाने वाढताना मी वर्षानुवर्षे पाहिले. रविवारच्या उपासनेत ‘शरीराचे पुनरुत्थान व सार्वकालिक जीवन’ यांवरचा विश्वास मी सर्वांबरोबर मोठ्याने अंगीकारत असे आणि दुसऱ्या दिवशी त्याच वह्या उघडत असे. या दोन दिवसांच्या मध्ये माझ्या मनात काय होत असे ते मी कोणालाही, अगदी माझ्या पाळकांनाही, सांगितले नव्हते. या स्तोत्राचा कवी आसाफ यानेही ते बराच काळ सांगितले नव्हते. १५ व्या वचनात तो म्हणतो की मी हे असे बोलून दाखवले असते तर देवाच्या लेकरांच्या पिढीचा विश्वासघात केल्यासारखे झाले असते. हे वचन मी पूर्वी अनेकदा वाचले होते, पण ते एका गप्प बसलेल्या माणसाचे वचन आहे हे पहिल्या आठवड्याच्या ध्वनिमुद्रणाने मला प्रथम दाखवले.

अभ्यासक्रमाचा पहिला मोठा गुण म्हणजे त्याची संथ गती. स्तोत्र २८ वचनांचे आहे आणि पहिले तीन आठवडे फक्त १६ व्या वचनापर्यंतच जातात. हेवा, कटुता, ‘आपण आपले अंतःकरण उगाच शुद्ध राखले’ हा उद्गार आणि त्यामागचा थकवा यांवर इतका वेळ देणारे शिक्षण मी यापूर्वी कोठे अनुभवले नव्हते. बहुतेक उपदेश १७ व्या वचनाकडे धावतात, कारण तेथे उत्तर आहे. पण ज्याला प्रश्न नीट विचारूच दिला नाही त्याला मिळालेले उत्तर फार काळ टिकत नाही. हा कवी कोण होता हेही येथे सावकाश सांगितले जाते. तो लेवी, म्हणजे इस्राएलातील उपासनेच्या सेवेसाठी वेगळ्या केलेल्या कुळातला होता, दाविदाच्या काळी कराराच्या कोशापुढे झांजा वाजवून स्तुती करण्यासाठी नेमलेल्या गायकांचा प्रमुख होता, आणि त्याच्या नावे १२ स्तोत्रे आहेत: ५० वे आणि ७३ ते ८३. संपूर्ण संग्रहाच्या पाच भागांपैकी तिसऱ्या भागाचे दार याच स्तोत्राने उघडते. म्हणजे हेव्याची ही कबुली कोणा बाहेरच्या संशयवाद्याची नसून उपासना चालवणाऱ्या माणसाची आहे.

तिसऱ्या ते १२ व्या वचनापर्यंत आसाफ त्या सुखी माणसांचे जे वर्णन करतो, त्यावरचे विवेचन मला या संपूर्ण अभ्यासक्रमातील सर्वांत मोलाचे वाटले. पुस्तिका एक साधी कृती करायला सांगते: त्याला कोणकोणत्या गोष्टींचा हेवा वाटला त्या एकेक करून लिहून काढा. मी लिहू लागले आणि थांबले. त्यांना यातना नाहीत, त्यांचे शरीर धडधाकट आहे, इतर माणसांसारखी संकटे त्यांच्यावर येत नाहीत, गर्व त्यांच्या गळ्यातील हार झाला आहे, ते बोलतात आणि लोक ऐकतात, देवाला काय कळते असे ते बिनधास्त विचारतात. धनाचा उल्लेख १२ व्या वचनापर्यंत येतच नाही, आणि तेथेही ‘सदा स्वस्थ’ असण्याच्या मागोमाग येतो. आसाफाला त्यांच्या सोन्याचा हेवा वाटला नव्हता. त्याला त्यांच्या निर्धास्तपणाचा हेवा वाटला होता. ज्याला दररोज सकाळी नव्या शिक्षेला सामोरे जावे लागत होते (१४ वे वचन) त्याला, ज्यांच्या आयुष्यात सकाळ भीतीशिवाय उगवते त्यांच्याकडे पाहवत नव्हते.

याच विवेचनाला जोडून दुसऱ्या आठवड्यात सात दिवसांचा एक सराव आहे. ज्याचा हेवा वाटला त्याचे नाव रोज रात्री एका वहीत लिहायचे, नेमके काय हवेसे वाटले ते एका वाक्यात लिहायचे, आणि मग त्या माणसाच्या भल्यासाठी नाव घेऊन प्रार्थना करायची. पहिल्या दोन रात्री मी वस्तू लिहिल्या. तिसऱ्या रात्री मी माझ्याबरोबर कामाला लागलेल्या आणि पुढे फार श्रीमंत झालेल्या एका व्यक्तीचे नाव लिहिले आणि त्यापुढे लिहिले: ‘आजारपण आले तर काय, हा प्रश्न तिला पडत नाही.’ तिच्या घराशी, वाहनाशी माझे काही देणेघेणे नव्हते, हे मला तेव्हा कळले. प्रार्थना मात्र त्या रात्री माझ्याच्याने झाली नाही. शब्द तोंडातून बाहेर आले, पण तिचे भले व्हावे अशी इच्छा त्यांत नव्हती, आणि ती नाही हे देवाला ठाऊक होते. पाचव्या रात्री थोडी होती. पुस्तिकेत या ठिकाणी एका मध्ययुगीन व्याख्येचा आधार दिला आहे: थॉमस अक्विनास याने हेव्याला ‘दुसऱ्याच्या चांगल्यामुळे होणारे दुःख’ म्हटले. दुसऱ्याचे चांगले मागणारी प्रार्थना म्हणूनच या रोगावर थेट बसते. सरावाची ही योजना विचारपूर्वक केलेली आहे, आणि ती कठीण आहे हे पुस्तिका लपवत नाही.

भाषेकडे दिलेले लक्षही उल्लेखनीय आहे. ३७ व्या स्तोत्रात दाविद तीनदा सांगतो की दुष्कर्म्यांमुळे संतप्त होऊ नको. तेथील मूळ हिब्रू क्रियापदाचा धात्वर्थ तापणे, जळणे असा आहे. मराठीत आपण दुसऱ्याचे बरे पाहवत नसलेल्या माणसाला ‘जळतो’ म्हणतो, आणि ध्वनिमुद्रणात हा शब्द आला तेव्हा हिब्रू न जाणणाऱ्या मलाही ते वचन आपल्याच घरात उच्चारल्यासारखे वाटले. नीतिसूत्रे मत्सराला हाडांची कुज म्हणतात. जळणे बाहेरून दिसते आणि कुजणे दिसत नाही, या फरकावर आमच्या गटात जी चर्चा झाली ती तासाभरात संपली नाही.

चौथा आठवडा एकाच वचनाला दिला आहे. आसाफ देवाच्या पवित्रस्थानात गेला आणि त्याने त्या लोकांच्या शेवटाकडे लक्ष दिले. ध्वनिमुद्रणातील वाचक १६ वे वचन संपवून बराच वेळ थांबतो; पहिल्यांदा मला यंत्र बंद पडले असे वाटले. मग तो १७ वे वचन वाचतो. या दोन वचनांच्या मध्ये बाहेरच्या जगात काहीही बदललेले नाही, हे शिक्षक ठामपणे सांगतात. श्रीमंतांचे धन कमी झालेले नाही, आसाफाचे दुखणे थांबलेले नाही, कोणालाही शासन झालेले नाही. बदलले आहे ते पाहण्याचे ठिकाण. स्तोत्राच्या आरंभी पाय घसरत होते ते आसाफाचे. १८ व्या वचनात निसरड्या जागी उभे असलेले दिसतात ते तेच निर्धास्त लोक. पवित्रस्थानात त्याला त्यांच्याबद्दल कळले ते आनंदाने टाळी वाजवावी असे नव्हते, आणि त्याचा पुरावा लगेच मिळतो: २१ व्या आणि २२ व्या वचनांत तो त्यांच्याबद्दल नव्हे, तर स्वतःबद्दल बोलतो, मी मूढ होतो, देवापुढे पशूसारखा होतो असे म्हणतो. दुसऱ्यांचा शेवट पाहून ज्याला स्वतःची लाज वाटली, तो त्या शेवटावर टपलेला माणूस नव्हता.

मग २६ वे वचन येते, आणि येथे या अभ्यासक्रमाने मला असे काही दिले जे मी आयुष्यभर विसरणार नाही. देह आणि हृदय खचले तरी देव सर्वकाळ माझा वाटा आहे, असे आसाफ म्हणतो. ‘वाटा’ हा शब्द भक्तीच्या भाषेत इतका गुळगुळीत झाला आहे की त्याची धार जाणवत नाही. पण हा जमिनीच्या वाटणीचा शब्द आहे. कनानच्या भूमीची कुळांमध्ये वाटणी झाली तेव्हा लेव्यांना राहण्यासाठी ४८ नगरे व त्यांभोवतीची कुरणे मिळाली. इतर कुळांसारखे प्रदेशाचे वतन मात्र मिळाले नाही. गणनेच्या पुस्तकाच्या १८ व्या अध्यायात परमेश्वर अहरोनाला सांगतो की तुला या देशात वतन मिळणार नाही, मीच तुझा वाटा आणि तुझे वतन आहे. दोन्ही ठिकाणी हिब्रूत शब्द एकच आहे. म्हणजे ‘देव माझा वाटा’ हे म्हणणारा माणूस भूमिहीन कुळात जन्मलेला आहे, आणि इतरांच्या भरल्या शेतांकडे पाहूनच त्याचे पाय घसरले होते. ज्या नियमामुळे त्याच्याकडे काही नव्हते, त्याच नियमाच्या दुसऱ्या अर्ध्यात त्याच्याकडे काय आहे ते लिहिलेले होते. पवित्रस्थानात जाऊन त्याने ते अर्धे वाक्य पुरे वाचले.

शिक्षक येथेच थांबत नाहीत, याचे मला समाधान आहे. ते नहेम्याच्या १३ व्या अध्यायाकडे जातात, जेथे लोकांनी लेव्यांचे वाटे देणे बंद केले आणि सेवा करणारे लेवी व गायक पोटासाठी आपापल्या शेतांकडे निघून गेले. लेव्याचे जगणे इतरांच्या आज्ञाधारकपणावर अवलंबून होते, आणि इतरांनी आज्ञा मोडली की त्याच्या घरी उपास पडत असे. आसाफाच्या वचनाला ‘गरिबीत समाधान माना’ अशा स्वस्त उपदेशाचे रूप येऊ नये म्हणून हा संदर्भ फार आवश्यक होता. आमच्या गटातील एका वयस्कर गृहस्थांनी त्या दिवशी एवढेच विचारले की वाटा देव आहे हे खरे, पण लेव्याला न दिलेला दशांश, म्हणजे पिकाचा दहावा भाग, कोणाच्या कोठारात राहिला? त्या प्रश्नाकडे मी पुढे परत येणार आहे.

२४ व्या वचनाबद्दल अभ्यासक्रम प्रामाणिक आहे. ‘नंतर तू मला गौरवाने स्वीकारशील’ या ओळीतील हिब्रू शब्दरचना अतिशय संक्षिप्त आहे आणि तिचा अर्थ मरणानंतरचे गौरव असा घ्यावा की याच आयुष्यातील सन्मान असा, याविषयी अभ्यासकांत मतभेद आहेत. ते पुस्तिकेत मोकळेपणाने सांगितले आहेत. त्याचबरोबर ‘स्वीकारणे, घेणे’ या अर्थाचे जे क्रियापद येथे आहे तेच उत्पत्तीच्या पाचव्या अध्यायात देवाने हनोखाला नेले त्या ठिकाणी आहे, आणि ४९ व्या स्तोत्रातही, जेथे कोरहाचे वंशज (लेव्यांतील गायकांचे एक घराणे) म्हणतात की श्रीमंत मरताना काहीच बरोबर नेणार नाही पण देव मला अधोलोकाच्या हातातून सोडवून जवळ घेईल. माणूस काही नेत नाही. देव माणसाला नेतो. जुन्या करारातील आशेचा हा अंधुक उजेड ख्रिस्ताच्या रिकाम्या कबरेपर्यंत येताना कसा वाढत जातो, हे शिक्षकांनी घाई न करता दाखवले आहे.

पाचव्या आठवड्यात लूककृत शुभवर्तमानातील दोन दृष्टान्त आहेत. त्यांपैकी १२ व्या अध्यायातील मूर्ख धनवानाचे विवेचन चांगले असले तरी ओळखीचे आहे: माझे पीक, माझी कोठारे, माझा माल, माझा जीव, आणि ज्याला तो ‘माझा’ म्हणत होता तो जीवच त्या रात्री परत मागितला जातो. एक गोष्ट मात्र माझ्या लक्षात पूर्वी आली नव्हती. हा दृष्टान्त प्रभू येशूने एका श्रीमंताला सांगितला नाही. भावाने वतनाचा वाटा दिला नाही अशी तक्रार घेऊन आलेल्या माणसामुळे तो सांगितला गेला. लोभापासून जपा ही ताकीद ज्याच्या प्रश्नातून निघाली, त्याच्या हाती अजून काही आलेलेच नव्हते. श्रीमंताच्या दारात पडून असलेल्या लाजर या भिकाऱ्याच्या दृष्टान्ताबद्दलही एक सूक्ष्म निरीक्षण आहे: पूर्वज अब्राहाम सोडला तर येशूच्या दृष्टान्तांत नाव मिळालेले पात्र हे एकच, आणि श्रीमंत मात्र अधोलोकातूनही त्याला ‘पाठवा’ म्हणतो, जणू तो अजूनही त्याचा नोकर आहे.

आता सहाव्या आठवड्याकडे येते, ज्याबद्दल मी तक्रार लिहिली. पाच आठवडे इतक्या काळजीने बांधलेल्या विचाराचा पाया या एका आठवड्यात खचतो असे माझे स्पष्ट मत आहे. या भागाचा विषय स्वर्गीय वैभव आहे, आणि त्यातील मांडणी अशी: येथे ज्यांच्याकडे महाल आहेत त्यांचे महाल जातील, येथे ज्यांच्याकडे काही नाही त्यांना तेथे त्याहून मोठे महाल मिळतील, त्यांच्या सोन्याला गंज लागेल आणि आपल्या पायाखाली सोन्याचा रस्ता असेल; म्हणून हेवा करू नका. ध्वनिमुद्रणातील आवाज येथे एरवीपेक्षा चढलेला आहे. ऐकताना मला आनंद झाला, आणि त्या आनंदाची चव मला ओळखीची वाटली. वहीत नाव लिहिलेल्या त्या व्यक्तीचे घर गेलेले आणि माझे उभे राहिलेले मी क्षणभर मनाने पाहिले होते. हा हेवा संपलेला नव्हता, केवळ त्याची मुदत वाढवलेली होती. ज्या वस्तूंसाठी जीव जळत होता त्याच वस्तू अधिक मोठ्या आकारात आणि उशिरा मिळणार असतील, तर माझ्या इच्छेत काहीही बदललेले नाही. हिशेबाच्या वहीत येणे बाकी म्हणून एक रक्कम वाढली आहे, इतकेच.

शास्त्राचा आधारही या मांडणीला मिळत नाही, असे मी चालकांना लिहिले. योहानाच्या १४ व्या अध्यायात पित्याच्या घरी पुष्कळ राहण्याच्या जागा आहेत असे जे म्हटले आहे, तेथील ग्रीक शब्द ‘राहणे’ या क्रियापदावरून आला आहे आणि नव्या करारात तो आणखी एकदाच येतो, त्याच अध्यायाच्या २३ व्या वचनात: जो माझ्यावर प्रीती करतो त्याच्याकडे पिता व मी येऊन वस्ती करू. एका वचनात आपण देवाच्या घरी राहतो, दुसऱ्यात देव आपल्याकडे राहतो. महालाच्या आकाराचा प्रश्न दोहोंतही नाही. प्रकटीकरणाच्या २१ व्या अध्यायात नगराचा मार्ग सोन्याचा आहे खरा, पण त्याच्या लगेच पुढचे वचन सांगते की त्या नगरात मंदिर नाही, कारण प्रभू देव आणि कोकरा, म्हणजे ख्रिस्त, हेच त्याचे मंदिर आहेत. जेथे सोने फरसबंदीला वापरतात तेथे त्याचे मोल काय राहिले, हे शिक्षकांना एरवी नक्कीच सुचले असते. आणि प्रभू येशूने स्वतः सार्वकालिक जीवन म्हणजे काय ते योहानाच्या १७ व्या अध्यायाच्या तिसऱ्या वचनात सांगितले आहे: एकच खरा देव आणि ज्याला त्याने पाठवले त्या येशू ख्रिस्ताला ओळखणे. त्या व्याख्येत मालमत्ता नाही. आसाफाने ‘स्वर्गात मला तुझ्याशिवाय कोण आहे’ असे विचारले तेव्हा तो हेच म्हणत होता. त्याचे वाक्य ‘काय आहे’ असे नाही, ‘कोण आहे’ असे आहे.

माझी दुसरी तक्रार त्या वयस्कर गृहस्थांच्या प्रश्नाशी जोडलेली आहे. हेवा आणि अन्यायाची चीड या दोन वेगळ्या गोष्टी आहेत, आणि अभ्यासक्रमाने त्या पुरेशा वेगळ्या केलेल्या नाहीत. ज्या मजुराची मजुरी मालकाने बुडवली, तो मालकाच्या घराकडे पाहून कळवळला तर त्याला ‘हेवा सोड, स्वर्गाकडे पाहा’ असे सांगणे ही आशा नव्हे. याकोबाच्या पत्राचा पाचवा अध्याय श्रीमंतांना थेट सांगतो की तुमच्या शेतांची कापणी करणाऱ्यांची तुम्ही अडकवून ठेवलेली मजुरी ओरडत आहे आणि ती ओरड सेनाधीश प्रभूच्या कानी पोहोचली आहे. ज्या ओरडीला देव कान देतो तिला मंडळीने हेवा म्हणून गप्प करू नये. मी ज्यांचे हिशेब लिहिले त्यांच्यापैकी काहींच्या बाबतीत माझ्या मनात जे उसळत असे त्यातले किती हेवा होते आणि किती न्यायाची भूक, हे वेगळे करायला मला या अभ्यासक्रमाची मदत हवी होती. ती मला मिळाली नाही. ते काम मला एकटीने करावे लागले आणि ते अजून पुरे झालेले नाही. माझ्या समोर खोटे आकडे आले तेव्हा मी प्रत्येक वेळी बोलले नव्हते, हेही त्यात आले.

सातव्या आठवड्याने मात्र पुष्कळ सावरून घेतले. पेत्राच्या पहिल्या पत्रातील अविनाशी, निर्मळ व अक्षय वतनाचे विवेचन ऐकताना मला लेव्याचा वाटा पुन्हा समोर दिसला. मूळ ग्रीकमध्ये ही तीन विशेषणे एकाच नकारार्थी उपसर्गाने सुरू होतात: न नासणारे, न मळणारे, न कोमेजणारे. येथे कोणत्याही मालमत्तेच्या याच तीन गती होतात. ती नासते, ती मिळवताना हात मळतात किंवा तिच्यातला रस कोमेजतो. मराठी पवित्र शास्त्रात ‘वतन’ हा शब्द असल्यामुळे, पिढ्यान्पिढ्यांचा हक्क आणि त्याबरोबर येणारी सेवा हे दोन्ही अर्थ आपल्याला आपोआप ऐकू येतात. याच आठवड्यात इब्री लोकांस लिहिलेल्या पत्राच्या १० व्या अध्यायातील त्या विश्वासणाऱ्यांचा उल्लेख आहे, ज्यांनी आपल्या मालमत्तेची लूट आनंदाने सोसली, कारण त्याहून चांगले व टिकाऊ धन आपल्याजवळ आहे हे त्यांना ठाऊक होते. आणि करिंथकरांस पहिल्या पत्राच्या १५ व्या अध्यायाबद्दल शिक्षकांनी सांगितलेली गोष्ट मला विशेष आवडली: पुनरुत्थानावरचा हा ५८ वचनांचा अध्याय आकाशाकडे पाहत संपत नाही, तर प्रभूच्या कामात सदा अधिकाधिक तत्पर असा, तुमचे श्रम व्यर्थ नाहीत, असे म्हणून संपतो. आसाफाला ‘उगाच’ वाटले होते. या पत्राचा लेखक पौल ‘व्यर्थ नाही’ म्हणतो. शिक्षकांनी या दोन वचनांची सांगड घातलेली नाही, पण त्यांच्यामुळेच मला ती दिसली.

व्यवस्थेबद्दल थोडक्यात. ध्वनिमुद्रणे स्वच्छ आहेत आणि वाचकाचा आवाज नाटकी नाही. पुस्तिकेतील अक्षर बारीक आहे. साठीपुढच्या वाचकांना त्रास होईल, आणि या अभ्यासक्रमाची गरज असणाऱ्यांत ते पुष्कळ असणार. चर्चेचे मार्गदर्शन करणाऱ्या ताई फार कमी बोलतात, कोणी रडू लागले तर घाईने वचन सांगत नाहीत आणि प्रत्येकाच्या वहीतील नावे ज्याची त्याच्यापाशीच राहतील याची काळजी घेतात. उशीर झालेल्यांसाठी मागील चर्चेचा गोषवारा मिळत नाही. तो मिळायला हवा.

ज्यांनी नुकतेच कोणाला गमावले आहे त्यांनी पहिले तीन आठवडे कोणाच्या तरी सोबतीने ऐकावेत, असे मी सुचवेन, कारण तेथे सांत्वन मुद्दाम उशिरा ठेवलेले आहे. ज्यांच्याकडे भरपूर आहे त्यांनीही नाव नोंदवावे. पौल तीमथ्याला धनवानांबद्दल जे लिहितो त्यात त्यांचा तिरस्कार नाही. त्यांनी चंचल धनावर आशा ठेवू नये, उदार व्हावे आणि खरे जीवन आहे ते बळकट धरावे, असे तो म्हणतो. आमच्या गटात असे एक जण होते. त्यांना आपल्यापेक्षा श्रीमंत असलेल्यांचा किती हेवा वाटतो हे त्यांनी सांगितले तेव्हा मला धक्का बसला, आणि त्या रात्री माझ्या वहीतील त्या नावासाठी मी पहिल्यांदा मनापासून प्रार्थना केली.

माझ्या तक्रारीला चालकांनी तीन आठवड्यांनी उत्तर दिले. सहाव्या आठवड्याचे ध्वनिमुद्रण पुढच्या फेरीसाठी नव्याने करायचे त्यांनी ठरवले आहे आणि पुस्तिकेतील त्या भागाचे सुधारित पान वाचून पाहण्यासाठी मला पाठवले आहे. महालांचा परिच्छेद काढला आहे. त्याच्या जागी याकोबाच्या पाचव्या अध्यायातील पहिली सहा वचने पूर्ण छापली आहेत, आणि मजुरीचे वचन मोठ्या अक्षरांत आहे.